उसनी प्रकृती

कारखान्याच्या दवाखान्यात मोजा उतरवून बराच वेळ झाला, तरी हणमंताच्या सुजलेल्या घोट्यावरचा रबराचा वळ बुजत नव्हता. घरी त्याने सांगून ठेवलं होतं, सूज मोज्यांमुळे आणि जिन्यावर छातीत दुखतं ते पित्तामुळे.

तपासणीत साखर निघाली की रात्रपाळी बंद, भत्ताही बंद. म्हणून भट्टीखात्याने सोय लावली होती. काटकुळ्या, निर्व्यसनी निवृत्तीची लघवी सगळ्यांच्या बाटल्यांत थोडी थोडी जायची. खातं इतकं ठणठणीत निघायचं, की मॅनेजरसाहेब दरवर्षी पेढे वाटायचे.

यंदा डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना एकदमच आत घेतलं. "अभिनंदन! अख्ख्या खात्याला मधुमेह झालाय. तोही तंतोतंत सारखा."

सगळे निवृत्तीकडे वळले.

"मला काय धाड भरलीय?" तो पुटपुटला. "तहान तेवढी लागते. भट्टीपाशी कुणाला लागत नाही?"

"तुझ्या भरवशावर होतो की रे आम्ही!" मागून कुणीतरी करवादलं.

हणमंताने टेबलावरची रिकामी बाटली उचलली.

"बाई, या खेपेला माझी मीच देतो. छातीत दुखतं, ते पित्त नाही. माझी रात्रपाळी बंद करा."