दाराजवळची खुर्ची

शनिवारी दुपारी ती सुताराच्या कारखान्यात शिरली तेव्हा करवत नुकतीच थांबली होती. लाकडाचा भुसा उन्हाच्या तिरिपेत तरंगत होता, खाली यायची त्याला मुळीच घाई नव्हती. दीड वर्षाची लेक तिच्या खांद्यावर झोपली होती. लेकीचा श्वास मानेवर मोजत राहायची तिला सवयच जडली होती.

चर्चला स्वतःची इमारत नव्हती. रविवारी यंत्रं भिंतीला सरकवून उपासना इथेच व्हायची. सुतारकाका उद्यासाठी खुर्च्या मांडत होते. एकीचं रूप दुसरीशी जुळत नव्हतं. वेताची, लोखंडी, एक तर न्हाव्याच्या दुकानातली. रिकाम्या असूनही त्या हलक्या आवाजात गात असाव्यात, असं तिला क्षणभर वाटलं.

"काका, माझी खुर्ची काढून टाकू नका. मी उद्या जात नाहीये. हे एकटेच जातील डोंगरापलीकडच्या दवाखान्यात कामाला." मग घाईघाईने, "तिथे आपली म्हणावीत अशी तीनच घरं आहेत. रस्तासुद्धा अर्ध्यातच संपतो. हिला काही झालं तर?"

"बरं," काका म्हणाले. "तुझी ही खुर्ची डुगडुगतेय. जरा उलटी धर."

तिने लेकीला सावरत एका हाताने खुर्ची उलटी केली. बैठकीच्या खाली पेन्सिलीने नावं लिहिली होती. चार नावं, चार वळणांची अक्षरं. तिचं नव्हतं.

"ही माझी नाही?"

"तू आलीस तेव्हा हिच्यावरची बाई आठवडाभरापूर्वीच बेटावर गेली होती, शाळा काढायला. जाणारा नाव लिहितो आणि खुर्ची ठेवून जातो."

"मग मला कुणी उठवलं कसं नाही?"

"रडतं पोर घेऊन बसलेल्या बाईला उठवायची कुणाची छाती होती?"

ती हसली, आणि लगेच तिने हसू आवरलं. "तिला भीती नाही वाटली?"

"न वाटायला काय झालं? तीन रविवार इथेच बसून रडली. आम्ही रुमाल पुरवले." काकांनी खिळा ठोकला. "प्रभू आधी पत्ता सांगत नाही गं. तुम्हाला निदान ट्रकवाल्याचा नंबर तरी मिळालाय."

"आणि तिथे पोचल्यावर?"

"पत्र आलं होतं तिचं. प्रार्थनेच्या खोलीत एक चटई जास्तीची टाकलेली होती म्हणे. टाकणाऱ्यांना माहीतच नव्हतं, कोण येणार ते."

लेक झोपेतच कूस बदलून तिच्या गळ्याशी आणखी आत शिरली. भुसा आता तिघांच्याही केसांवर उतरला होता. ती बराच वेळ त्या चार नावांकडे बघत राहिली. मग काकांच्या कानावरची पेन्सिल तिने न विचारताच काढून घेतली. पाचवं नाव लिहिलं. त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, लेकीचं.

खुर्ची तिने सुलटी केली आणि दाराजवळ नेऊन ठेवली, पहिल्या दिवशी होती तिथेच. तिथून रडतं पोर घेऊन पटकन बाहेर सटकता येतं.

निघता निघता ती मागे वळली. उंबऱ्यावरून वारा येत होता. पुढे या खुर्चीवर बसणारीच्या बाळाला तो लागू नये म्हणून तिने खुर्ची वीतभर आत सरकवली.