हाड धरेपर्यंत

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवऱ्याने कुकरचं झाकण फेकून तिचे वरचे दोन दात पाडले होते. इतक्या वर्षांनी पक्के दात बसवायला गेली, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "दात नसल्यामुळे तिथलं हाडच झिजलंय. आधी हनुवटीतलं थोडं हाड काढून वर भरावं लागेल. ते धरेपर्यंत सहा महिने तोंडाला धक्का लागता कामा नये."

शेजारी बसलेल्या नवऱ्याने मान डोलावली. "काळजी घेऊ," तो म्हणाला.

टाके निघाले त्याच आठवड्यात भाजी खारट झाली आणि त्याने तिची पाठ पट्ट्याने सोलून काढली. पुढे कधी पोटात लाथ बसली, कधी दंड पिरगाळला गेला. एकदा तर शिव्यांची लाखोली वाहत तो अंगावर धावून आला, केस धरून तिला भिंतीपर्यंत फरफटत नेलं, आणि ऐन वेळी वळवून तिचा खांदा भिंतीवर आपटला.

सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला. "हाड अगदी छान धरलंय. आता दात बसवू."

दात बसले त्या संध्याकाळी ती बॅग भरून दाराशी आली. सासूबाईंनी तिचा हात धरला. "अगं, तो काय मुद्दाम मारतो? राग आला की त्याला भान राहत नाही."

"राहतं, आई," ती म्हणाली. "सहा महिन्यांत एकही फटका तोंडावर बसला नाही."