दांड्यावरचा खटका

सायकलच्या सीटचा नळा काही केल्या वर येईना. मुलीने तेल सोडलं, पाय रोवून ओढलं, शेवटी दोन शिव्याही हासडल्या. नळा ढिम्म.

"सीट आहे तिथंच राहू दे," बाबा खुर्चीतून म्हणाले. "आधी खटके बदल."

खटके म्हणजे गिअरचे. जुन्या रेसच्या सायकलींना ते खाली, फ्रेमच्या तिरक्या दांड्यावर असायचे. गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून सोडून वाकायचं. नवे खटके ब्रेकच्या मुठीतच होते. बोटानं दाबलं की काम झालं. तुटकी चप्पलही खिळा ठोकून वापरणाऱ्या बाबांनी हे महागातले खटके स्वतः पसंत केले होते. चाकं नवी, साखळी नवी, ब्रेक नवे. जुनी उरली ती निळी फ्रेम आणि तो हट्टी नळा.

माळ्यावर धूळ खात पडलेल्या या सायकलीचा बाबांना अचानक एवढा पुळका का, याचं मुलीला भारी कुतूहल होतं. विचारलं की ते मिशीत हसत. "दर रविवारी एकटीच जातेस ना सायकलवर? ही झाली की तुला जोडीदार मिळेल." बाबा सोबत येणार म्हटल्यावर तिला इतका आनंद झाला, की पुढचं काही विचारायचं राहूनच गेलं.

आई मात्र या भानगडीपासून चार हात लांब होती. "मला मेलीला सायकलीतलं काय कळतंय," म्हणायची, आणि घडीघडी काहीतरी निमित्त काढून दारात यायची. कधी फडकं घेऊन, कधी पाणी. हनुवटीवरच्या जुन्या व्रणावर बोट ठेवून बघत राहायची. लेक तान्ही असताना आई जिन्यावरून पडली होती म्हणे.

शेवटचा स्क्रू आवळून मुलीने सायकल धरली. "बसा बाबा, माप बघू."

बाबांनी आढेवेढे घेतले, पण बसले. माणूस ताडमाड, पॅडल फिरवताच गुडघे हँडलला थडकले. मुलीने वाकून पाहिलं. सीट वर्षानुवर्षं एवढ्याच उंचीवर राहिली असणार, त्याशिवाय नळा असा गंजून बसला नसता.

"बाबा, ही तुमची सायकलच नाही!"

"मी कधी म्हटलं माझी आहे?"

दारातून आई पुढे आली. तिचा हात न बघताच तिरक्या दांड्याकडे गेला आणि रिकाम्या जागेवर थबकला. मग तिने मुठीतला खटका दाबला. टक्. पुन्हा दाबला. टक्.

"म्हणजे उतारावर आता हात सोडायला नको?"

"नको," बाबा म्हणाले. "म्हणून तर हा सगळा खटाटोप."

मुलगी एकदा आईकडे बघे, एकदा बाबांकडे. मग आईने हातातलं फडकं बाबांच्या खांद्यावर टाकलं, आत जाऊन पायात बूट चढवून आली आणि हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"सर गं बाजूला," ती लेकीला म्हणाली. "आणि ते जिन्याचं काही खरं नव्हतं."