फिदेलिनाची डबी

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही शाळेच्या दारात रांगेत उभे आहात. हातात पत्र्याची एवढीशी डबी. डबीत काय आहे ते रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच कुणी कुणाकडे बघत नाही.

फिदेलिना मात्र खुदकन हसली.

"तुझ्या डबीचा वास डोंगरापलीकडे गेलाय," मागून रुफिनो म्हणाला.

"मग नाक धर. तुझ्या डबीला काय कॉफीच्या फुलांचा वास येतोय?"

"गप्प!" दोरिलाबाईंचा आवाज आला आणि रांग सरळ झाली.

तार्रासूच्या डोंगरांत तेव्हा निम्मी मुलं पिवळी दिसत. चार पावलं चालली की धापा टाकत. लोक या दुखण्याला नुसतं 'थकवा' म्हणत. पण त्या वर्षी सरकारी मोहिमेतून डॉन तोबिआस भिंगाचं यंत्र घेऊन आले आणि बाईंना खरं कारण कळलं. कॉफीच्या झाडांखालच्या ओल्या मातीत बारीक अळ्या असतात. त्या अनवाणी पायांतून शरीरात शिरतात, पोटात जाऊन किडे होतात आणि रक्त पितात. बाईंनी हे फळ्यावर चित्र काढून इतक्यांदा शिकवलं होतं की मुलं झोपेतही सांगतील.

"औषध मोजकंच आहे," डॉन तोबिआसांनी बजावलं होतं. "शाळेच्या पटावर नाव असेल त्यालाच मिळेल."

"पटावरचं एकही मूल सुटणार नाही," बाई म्हणाल्या होत्या. "ती जबाबदारी माझी."

फिदेलिनानं डबी टेबलावर ठेवली. "डॉन तोबिआस, डबी कुणाची आहे ते तुमच्या भिंगाला कळतं का हो?"

"भिंगाला किडे कळतात, पोरी. नाव आपण चिकटवतो."

बाईंनी भुवया उंचावल्या. गाल टोमॅटोसारखे लाल, पायांत बूट, आणि प्रश्न हा! ही पोरगी औषध चुकवणार, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. त्या घराण्याचीच तऱ्हा. थोरली बहीण बाकावर बसल्या बसल्या पेंगायची. शाळा आळशांसाठी नाही, असं सांगून बाईंनी गेल्या वर्षी तिचं नाव काढून टाकलं होतं. ती कॉफी वेचायला लागली आणि घरातला एकुलता एक बुटांचा जोड फिदेलिनाला मिळाला.

आठवड्यानं निकाल आला. सगळ्यांत जास्त किडे फिदेलिनाच्या डबीत.

"बूट असून?" बाई कडाडल्या. "म्हणजे मळ्यात बूट काढून हुंदडतेस तू!"

"हो, बाई," फिदेलिना खाली मान घालून म्हणाली.

एवढ्या लवकर कबूल झाली, याचं बाईंना जरा नवल वाटलं.

"हे जुलाबाचं मीठ. आज संध्याकाळी घ्यायचं. उद्या पहाटे उपाशीपोटी यायचं आणि गोळ्या गिळायच्या."

"गोळ्या घरी नेल्या तर चालतील?"

"मुळीच नाही! माझ्या डोळ्यांसमोर गिळायच्या. आली नाहीस तर घरी येऊन उचलून आणीन, समजलं?"

फिदेलिनानं जरा विचार केला. "मग पहाटेच येते, बाई. आईची शपथ."

पहाटे ओसरीवर अंधारच होता. थंडी मी म्हणत होती. कुणी बापाचा कोट पांघरलेला, कुणी घोंगडी. पोटं गुरगुरत होती. बाई प्रत्येकाजवळ जाऊन नाव घेत होत्या. अगदी कोपऱ्यात एक घोंगडी कुडकुडत होती. नाकापर्यंत ओढलेली. खालून ओळखीचे बूट दिसले आणि बाई निर्धास्त झाल्या.

"आलीस का? शाबास! आज जिभेला काय झालं? बोल की!"

घोंगडीनं नुसती मान हलवली.

डॉन तोबिआस कंदील घेऊन आले. रुफिनोनं पहिली गोळी तोंडात टाकली आणि तोंड असं केलं की पलीकडची पोरं फिदीफिदी हसली. "हसा, हसा," तो म्हणाला, "तुमचीही पाळी येतेय."

कोपऱ्यातल्या मुलीनं मात्र हूं की चूं केलं नाही. गोळ्या गिळल्या, पाणी प्यायली, आणि बाईंनी सांगायच्या आत तोंड उघडून दाखवलं. कंदिलाच्या उजेडात तिचे ओठ पांढरेफटक दिसले.

"किती घाबरलीस ग!" बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पण चुकवलं नाहीस. बघा रे, असं धीट व्हावं!"

"सगळे झाले," डॉन तोबिआस म्हणाले. "एकही सुटलं नाही."

"मी म्हटलंच होतं," बाई म्हणाल्या. एव्हाना उजाडलं होतं. त्यांनी आपलं समाधान लपवलं नाही. कंदील फुंकून विझवला आणि ओसरीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

समोर कुंपणापाशी पेरूचं झाड होतं. त्याच्या फांदीवर लाल गालांची एक मुलगी मक्याची भाकरी खात पाय हलवत बसली होती. पायांत बूट नव्हते. पावलांना मात्र केळीची पानं सुतळीनं घट्ट बांधलेली होती.

बाईंना बघून फिदेलिनानं तोंडातला घास घाईघाईनं गिळला आणि त्यांच्या मागच्या घोंगडीकडे बघत ओरडून विचारलं, "ताई, सगळ्या गिळल्यास ना ग?"