डावी साखर

"पुन्हा काळं!" सरांनी परीक्षानळी उजेडात धरली. काचेला आतून चांदीचा आरसा धरायला हवा होता. तिथे काजळीसारखा गाळ बसला होता. "नळी हलवलीस ना? साखरेची चाचणी करतेयस की सरबत?"

प्रयोगशाळा हसली. मुलगी हसली नाही. तिने डाव्या हाताने दुसरी नळी उचलली. ती बोटांतून निसटून बेसिनमध्ये फुटली.

सेंद्रिय रसायनाच्या या सरांना गुण देण्यापेक्षा कापण्यात गोडी. मुलीची जुळी बहीण सुट्टीत तापाने गेली, तेव्हा त्यांनीही डोळे पुसले होते. पण दुःखाला सवलत सहामाहीपर्यंत, असा त्यांचा हिशेब. सहामाही कधीच सरली होती. उद्या प्रात्यक्षिक परीक्षा. ही अशीच धडपडत राहिली तर नापास, म्हणजे वर्ष पाण्यात.

गंमत अशी, की गेल्या वर्षी याच जुळ्यांना समोरासमोर उभं करून सरांनी आरशातल्या रेणूंचा धडा घेतला होता. एक डावखुरी, दुसरी उजवी. एकीचा भांग इकडे, दुसरीचा तिकडे. "सूत्र तेच, वजन तेच. पण एकीवर दुसरी ठेवून बघा, बसायची नाही. साखरेचंही तसंच. उजवी साखर शरीराला चालते, डावीला ते ओळखही दाखवत नाही. सगळ्यांना फसवाल, शरीराला नाही फसवता यायचं!" त्यावर डावखुरीने बहिणीची वेणी ओढली होती आणि वर्ग डोक्यावर घेतला होता.

तास संपल्यावर सरांनी मुलीला थांबवलं.

"उजवा हात दुखतोय का?"

"नाही, सर."

"मग ही थेरं कसली? कर उजव्यानं. माझ्यासमोर."

तिने नळी उजव्या हातात घेतली. जपून थेंब सोडले. नळी गरम पाण्यात अलगद उभी केली आणि हात काढून घेतला. थोड्या वेळाने काच आतून उजळली. सर खाली वाकले. त्या चिमुकल्या आरशात आधी त्यांचं नाक दिसलं, मग तिचं डोकं. तेव्हा कुठे त्यांचं लक्ष तिच्या भांगाकडे गेलं. तोही बाजू बदलून बसला होता, आणि ते आरशामुळे नव्हतं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "डावखुरी ती होती. तू नव्हेस."

"आईसाठी ती अजून आहे, सर. तिच्याच हातनं जेवते. परवा चुकून मी उजव्यानं घास पुढे केला, तर घाबरून ताटच ढकललं. म्हणून इथंही सवय मोडत नाही."

सरांनी नळी पाण्यातून उचलून स्टँडमध्ये ठेवली.

"आणि तुझी? तुझी आठवण नाही काढत?"

"काढते ना," ती म्हणाली. "रोज रडते माझ्यासाठी."