ड्रमचा क्लास

रेमंडच्या बोटांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. जेवणाचं टेबल, फ्रीजचं दार, गाडीचं स्टिअरिंग, सापडेल त्यावर तो ताल धरायचा, आणि मस्कतच्या वादी अदाई भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत फेलिशियाचं डोकं उठायचं. अठरा वर्षं तिने सोसलं. मग चर्चमध्ये कुणीतरी सांगितलं, की शहरात बॅगपाइपवाल्या स्कॉटिश बँडसाठी ड्रम शिकवतात. तिने नवऱ्याला न विचारता परस्पर त्याचं नाव देऊन टाकलं.

"तिकडे हवं तेवढं बडव," ती म्हणाली. "घरात मात्र खलास."

पहिल्या शुक्रवारी तो क्लासला गेला आणि तिने कित्येक वर्षांनी निवांत चहा घेतला.

दोन तासांनी रेमंड खुशीत परतला. हातात नुसत्या दोन स्टिक होत्या.

"ड्रम कुठाय?" तिने विचारलं.

"सर म्हणाले, पहिलं वर्षभर ड्रमला हात लावायचा नाही. रोज दोन तास घरी टेबलावरच वाजवायचं, आणि शेजारी बसून कुणीतरी ठोके मोजायचे."



स्टिक टेबलावर ठेवत तो पुढे म्हणाला, "मोजायला मी तुझं नाव देऊन आलोय."