पूर्वीची शस्त्रक्रिया: नाही

बुरुलने काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. सकाळपासूनची सातवी खेप. एका म्हाताऱ्या रुग्णाच्या प्रोस्टेटचा तोच तुकडा, त्याच लांबट पेशी, थव्याने एकाच दिशेला निघालेल्या. जिथे पाहावं तिथे दोन-तीन दुभागत होत्या. सार्कोमा, कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार, म्हणायला सगळं जुळत होतं. पॅथॉलॉजिस्ट म्हणून बावीस वर्षांत या जागी तो तिने दोनदाच पाहिला होता.

एकच गोष्ट खुपत होती. प्रत्येक पेशी अगदी मधोमध, नीटनेटकी दुभागत होती. एकही वेडीवाकडी नाही. इतकी शिस्त कर्करोगाला क्वचितच असते. भरत आलेल्या जखमेला असते. तशी गाठ असेल, तर हात न लावताही विरून जाते. पण जखम आणायची कुठून? तुकड्यासोबत आलेल्या तपासणीच्या अर्जावर स्वच्छ लिहिलं होतं: पूर्वीची शस्त्रक्रिया, नाही.

वरून सर्जन बाकितचा तिसरा फोन आला. "काचेत तोंड बघतेयस का, बुरुल? अहवालावर सही कर. उद्या सकाळी रुग्णाला टेबलावर घ्यायचंय."

सही केली, तर म्हाताऱ्याचं प्रोस्टेट जाईल, मूत्राशय जाईल, आणि जन्मभर पोटावर पिशवी येईल. नाही केली आणि सार्कोमाच निघाला, तर महिन्याभरात तो हाताबाहेर जाईल. तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. आज पहिल्यांदाच ते तिला जाणवलं.

अर्ज म्हाताऱ्याच्या मुलाने, मेलिसने भरला होता. आजाराचं नाव वडिलांना कळता कामा नये, हे त्याने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं, बुरुलकडूनही. बिश्केकमध्ये त्यात कुणाला वावगं वाटत नाही. म्हाताऱ्याला साधी सूज सांगितली होती. डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मेलिसच देई.

चार वाजता ती जिना चढून वॉर्डात गेली. मेलिस खाटेला चिकटून बसला होता. वडिलांनी आजवर दातसुद्धा उपटून घेतलेला नाही, असं त्याने पुन्हा सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी पंधरा दिवस गरम झऱ्यांवर जाऊन आले, तेवढंच; पण तिथून आल्यावर त्रास उलट वाढला. बुरुलने त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि तळघरातून जुना अहवाल आणायला पाठवलं.

दार लागलं. तिने स्टूल जवळ ओढलं.

"आबा, एकच विचारते. खालच्या बाजूला कुणी कधी काही केलंय का?"

असिरकुल आबा आपल्या टोपीची किनार चाचपत राहिले. मग दाराकडे पाहत अगदी हळू म्हणाले, "घरात सून वावरते, पोरी. असलं काही तिच्या कानावर कसं घालायचं? मी झऱ्यांवर गेलोच नव्हतो. त्या पंधरा दिवसांत काराकोलच्या दवाखान्यात लघवीच्या वाटेने वाढलेलं मांस आतून खरवडून घेतलं. पण हे मेलिसला कळता कामा नये."